तबेल्यातली उतरती फरशी

वाघजाईची आण घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा. खोटा निघाला तर माझे उरलेले चार दात गळू देत!

तर वलवणच्या त्या जुन्या बंगल्यामागं, दगडी तबेल्यात महिपती उभा. घाम असा की खाली बादली लावावी. बंगल्याचे धाकटे मालक धवलशेठ दारात, आणि त्यांनी आणलेल्या आर्किटेक्ट श्रद्धामॅडम आत मापं घेतायत. घोडे जाऊन पन्नास वर्षं झाली. एकेका घोड्याच्या अशा सहा ठाणांपैकी शेवटच्यात आता राखणदार महिपती आणि नंदाबाईचा संसार. गव्हाणीत तांदळाचा डबा, घोडा बांधायच्या कडीला छत्री.

धाकधूक होती ती जमिनीची. वीस वर्षांमागं थोरल्या शेठनी हुकूम सोडलेला, गटारीकडं उतरते दगड उपट, मातीनं सपाट कर. पण ते दगड महिपतीच्या आज्यानं घडवलेले. हात धजला नाही. त्यानं वरून पातळ माती लिंपली, शेणानं सारवली आणि बेधडक सांगितलं, "केलं." आज ते उघडं पडलं, की बिऱ्हाड रस्त्यावर.

"झरोके एवढे उंच का हो, आबा?" मॅडमनी विचारलं.

"घोड्याच्या अंगावर थेट वारा नगं म्हून."

"आणि खाटेच्या दोनच पायांखाली विटा?"

महिपतीनं तोंड उघडायच्या आत नंदाबाई पुढं झाली. "यांचं डोस्कं लय जड हाय, मॅडम. खाट कलती."

मॅडम हसल्या, आणि हसत हसत त्यांनी उतार बघायला कळशी लवंडली. पाणी सारवण धूत भिंतीकडच्या गटारीला सुसाट पळालं. मागं काळा दगड उघडा. खूर घसरू नये म्हणून आज्याच्या टाकीनं कोरलेल्या रेघासुद्धा तशाच. त्या क्षणी पाचही रिकामी ठाणं एकदम खिंकाळली!

"दगड काढलेच नव्हते?" धवलशेठ आत आले.

"न्हाई, शेठ. थोरल्यांशी खोटं बोललो. काय सजा आसंल ती द्या."

मॅडम गुडघ्यावर बसून दगडावर हात फिरवत होत्या. "अख्खी फरशी शाबूत आहे! यातला एकही दगड हलवायचा नाही."

धवलशेठनी महिपतीच्या पाठीवर थाप मारली. "आबा, वाचवलंत तुम्ही! आता लोक बघायला येतील हे. तुम्हाला फाटकापाशी नवी खोली. टाइल्स, एकदम लेव्हल."

"म्हंजी... हितनं जायाचं?"

ते दोघं एव्हाना मापांत गुंगले होते.

रविवारी खाट हलली. नव्या खोलीत महिपतीनं दोन पायांखाली विटा सरकवल्या.

"अवं, हितं कशाला? तिरकी झाली की."

"ऱ्हाऊ दे. तेवढाच आज्याचा उतार," म्हणत तो तसाच आडवा झाला.

बरं, ठाणं खिंकाळली ते मी पदरचं घातलं. त्यापायी एक दात गेला तर जाऊ दे. विटा मात्र जाऊन बघा, आहेत.