साखरेच्या पाण्यातली पिल्लं

निकितानं पात्याचं टोक पिल्लाच्या शेपटीवर टेकवलं आणि पुन्हा उचललं. हे तिसऱ्यांदा. भूल दिलेलं, तीन दिवसांचं झेब्राफिश माशाचं पिल्लू काचेसारखं आरपार दिसत होतं. चौथ्यांदा तिनं शेपटीचा काठ कापला, वेळ लिहिली, उठून खिडकीपाशी गेली आणि लगेच परत आली.

शकुबाई यवतमाळच्या या कॉलेजात पहिल्यांदाच आल्या होत्या. काल नवऱ्याची, भगवानरावांची तेरवी झाली आणि आज पोरगी न जेवता कामावर निघून आली, म्हणून मागोमाग डबा घेऊन. त्या स्टुलावर बसून भिंगाला जोडलेल्या पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर सकाळी शेपटी कापलेलं पिल्लू होतं.

"हे हिरवं हिरवं काय पळून राह्यलं?"

"अंगातल्या पेशी आहेत, आई. जखम झाली की तिकडं धावतात. जंतू खातात."

"कोन धाडते त्यायले?"

"कोणी नाही. त्यायले कळते."

"मानसापेक्षा बरे."

निकितानं दुसरी बशी भिंगाखाली सरकवली. ही शेपटीही सकाळचीच. पण इथले हिरवे ठिपके जागीच रेंगाळत होते.

"हे काहून सुस्त?"

"याले साखरेच्या पाण्यात ठेवलं आहे."

शकुबाईंनी पदर तोंडाशी नेला. भगवानरावांना बारा वर्षं साखरेचा आजार होता. शेतात पायात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट रुतला तो त्यांना दुखलाही नाही. पाचव्या दिवशी ताप चढला. आठव्या दिवशी दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत.

"मी तुले तवाच सांगाले पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या. "हे म्हने, पोरीले फोन नको करू, काम सोडून पळत येईन. मी बी ऐकलं. तुले ठाऊक असतं तं हे वाचले असते."

निकितानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आता गप्प राहिलं, तर आई हे मरेपर्यंत उराशी घेऊन बसणार होती.

"बाबायनं मले सांगतलं होतं, आई. दुसऱ्याच दिवशी. फोनवर."

शकुबाईंनी तोंडाशी धरलेला पदर सोडला.

"मंग? तू काय म्हनली?"

"मी ठिपके मोजून राह्यली होती. म्हटलं, बाबा, हळद लावा, मंग फोन करते." तिनं बशी भिंगाखालून काढली. "केला नाही."

शकुबाईंनी मांडीवरचा डबा टेबलावर ठेवला.

"तरीच," त्या म्हणाल्या. "जल्मात कधी हयद लावू न देनारा मानूस. त्या दिसापासून सकाय-संध्याकाय सोताच हयदीची वाटी घेऊन बसत."