टाचा खाली!

मी एक जुनी उंची मोजायची फळी आहे. मुलांच्या दवाखान्यात, वजनकाट्याशेजारी, गेली बावीस वर्षे मी भिंतीला पाठ लावून उभी आहे. मित्रांनो, इतकी वर्षे ताठ उभे राहून दाखवा, मग माझ्याशी बोला.

सुताराने मला जाड लाकडातून घडवले, आकडे रंगवले आणि डोक्यावर टेकवायला एक सरकती पट्टी बसवली. तेव्हापासून मी काय काय लबाड्या पाहिल्या! कोणी उंच बुचडा बांधून येई, कोणी मोज्यांवर मोजे चढवून. पण सगळ्यांत नामी चोर म्हणजे बाईसाहेब. हे नाव आमच्या सिस्टरांनी ठेवलेले. नऊ वर्षांची ही पोर दर सहा महिन्यांनी येई आणि पट्टी डोक्याला लागता लागता हळूच टाचा उचले.

"टाचा खाली!" सिस्टर ओरडत.

"खालीच आहेत. जमीनच जरा खचलीय."

बाईसाहेबांना अकाँड्रोप्लेझिया होता. म्हणजे हातापायांची हाडे जन्मापासूनच लांबीला कमी वाढतात. अशा मुलांच्या वाढीचा तक्ताही वेगळा असतो. बाईसाहेबांची आई कपडे शिवणारी. ती गळ्यातली टेप काढून मुलीला पुन्हा मोजे आणि म्हणे, "माझ्या टेपवर अर्धा सेंटिमीटर जास्त भरतेय." एका टेपने माझी उलटतपासणी घ्यावी! माझा नुसता जळफळाट होई.

एकदा मात्र पट्टी खाली आली तरी बाईसाहेबांच्या टाचा हलल्या नाहीत.

"आज कशी शहाण्यासारखी उभी राहिली!" सिस्टर खूश झाल्या. अखेर आपला वचक बसला, म्हणून मीही फुशारले. मित्रांनो, असली लाकडी अक्कल कोणाला न मिळो.

डॉक्टरबाईंनी आकडा पाहिलाच नाही. त्या खाली वाकल्या. "आज टाचा का नाही उचलल्यास गं?"

बाईसाहेब कधी नव्हे तशा पुटपुटल्या, "उचलतच नाहीयेत. पायांत मुंग्या येतात. शाळेत जाताना दोनदा खाली बसावं लागतं."

"अगं, मला का नाही सांगितलंस?" आई म्हणाली.

"तू शाळाच बंद केली असतीस."

अशा मुलांच्या पाठीच्या कण्यातली नसांची वाट मुळातच अरुंद असते. तिथे नसा दाबल्या जात होत्या. उशीर झाला असता तर पाय कायमचे अधू झाले असते. ऑपरेशन करून वाट मोकळी करायचे ठरले.

"उंची वाढेल?" आईने विचारले.

"उंची नाही. पाय वाचावेत म्हणून करतोय."

आईने टेप मुठीत घट्ट आवळली.

सहा महिने उलटून गेले तरी बाईसाहेब आल्या नाहीत. रोज ढीगभर पोरे मोजली, पण त्या चोरीशिवाय मला करमेना. खरे सांगते, मला फार भीती वाटत होती.

मग एका सकाळी त्या आईचा हात धरून सावकाश आल्या, वळल्या आणि मला पाठ टेकून उभ्या राहिल्या. पट्टी खाली आली. माझ्या पायथ्याशी काहीतरी हलले. एक टाच, मग दुसरी. थरथरत का होईना, दोन्ही वर!

"टाचा..." सिस्टर ओरडायला गेल्या आणि खाली बघतच राहिल्या.

"राहू द्या हो सिस्टर," आई डोळे पुसत म्हणाली. "आज जास्तच लिहा."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी खोटा आकडा आनंदाने दाखवला.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसलेत तर उपकार होतील. पण मुलांना मोजताना नुसता आकडा वाचू नका, वाकून पावलेही बघा. आणि नेहमीचा चोर एकाएकी साव झाला, तर शाबासकी मागाहून द्या, आधी त्याची विचारपूस करा.