उतू गेलेल्या दुधाची कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. रंग काळा, कोपरे झिजलेले आणि पॉजचे बटण मोडलेले. ते कोणी मोडले हे मी सांगणार नाही. ती आता नावाजलेली गायिका आहे, आणि तेव्हा चार वर्षांची होती.

एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. निळे डगले घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात मोटर बसवली आणि तिला इवलासा रबरी पट्टा चढवला. शेवटी एकीने माझ्यासमोर वाकून "एक, दोन, तीन" म्हटले. मी तेच तिला परत ऐकवले. ती खुदकन हसली. ते माझे पहिले बोल.

मला घरी आणले ते ताईच्या बाबांनी. काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात ते भट्टीवर काम करत. सुट्टीच्या दिवशी मला खिडकीत ठेवून ते डोळे मिटून गाणी ऐकत, आणि आई पलीकडे शिलाई मशीनवर मुलांची दप्तरे शिवत बसे. मोठी झाल्यावर ताईही त्याच कारखान्यात लागली. समोरून सरकणाऱ्या बाटल्या दिव्याच्या उजेडात बघायच्या, तडा दिसला की बाटली बाजूला काढायची, हे तिचे काम.

मग एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. बाबा गेले, आणि सहा महिन्यांत कारखान्याला टाळे लागले.

घर मुके झाले. ताई कोणाशी धड बोलेना. आई तिच्यापुढे ताट ठेवी आणि तसेच उचलून नेई. पण एका दुपारी ताईने खिडकीतून मला उचलले, माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि धाकट्या भावाला म्हणाली, "छोटू, गिटार काढ." या छोटूला दारातून वाकून आत यावे लागे, तरी घरात तो छोटूच. तिसरा आला ठोक्या. कारखान्यात तो ताईसोबत बाटल्या खोक्यात भरत असे. हाताला येईल ते वाजवायची त्याला खोड होती, म्हणून हे नाव. ढोल घेण्याची ऐपत कुठली? तो लोखंडी ट्रंक बडवी आणि कमीजास्त पाणी भरलेल्या बाटल्या चमच्याने वाजवी.

त्यांनी आपल्या बँडचे नाव ठेवले 'रिकाम्या बाटल्या'.

"नाव तरी काय शोधलंय!" शेजारच्या मावशी आईला म्हणाल्या. "लोकांना वाटेल, घरात कोणी पिणारं आहे."

"वाटू दे," आई म्हणाली. "पोरगी बोलायला तर लागली."

गाणी मात्र फार उदास होती, मित्रांनो. थंड पडलेली भट्टी, कोणासाठीच न वाजणारा भोंगा, खुंटीवर लटकून राहिलेला बाबांचा सदरा. ताई ती मोठ्याने गात नसे. कानात सांगावे तशी गाई.

कपाटातले कपडे काढून मला गोधड्यांच्या खणात बसवले होते, म्हणजे आवाज घुमू नये. पण माझे मोडके बटण आडवे आले. पॉज नाही, आणि मध्येच थांबवले तर 'खट्ट' असा आवाज फितीवर कायमचा बसे. म्हणून कॅसेटची एक बाजू म्हणजे एका दमात पूर्ण अर्धा तास. कोणी शिंकले की पुन्हा पहिल्यापासून! पहिली बाजू नऊ दिवसांनी जमली. दुसरी जमेना. त्यातच ठोक्याला दूरच्या गावी नोकरी लागली. निघायच्या दिवसापर्यंत काम रखडले आणि त्याची बस होती पाच वाजताची.

त्या दुपारी आईने मशीन बंद ठेवले. घड्याळ टॉवेलात गुंडाळून पेटीत टाकले, दारावरच्या घंटीची वायर काढली आणि मावशींना सांगून आली, "तास-दोन तास माझ्या नावाने हाक मारू नका." दूध तेवढे मंद आचेवर ठेवले होते, नाहीतर त्या उकाड्यात ते नासले असते. त्याच्यापाशी ती राखणीला उभी राहिली.

दोनदा चुकले. तिसऱ्यांदा मी फिरू लागलो तेव्हा साडेतीन वाजले होते. एकेक गाणे पार पडत गेले आणि शेवटचे सुरू झाले. ते बाबांवरचे होते. आईने ते कधी पूर्ण ऐकले नव्हते. हळूहळू ती ओट्यापासून दाराशी आली आणि चौकटीला डोके टेकून ऐकत राहिली. दुधाची तिला शुद्धच उरली नाही. ताईने शेवटची ओळ म्हटली, "घरात कोणी नाही, घरात कोणी नाही..."

आणि त्या सुराच्या पाठीवरच आईचा आवाज आला, "अगं बाई! दूध! ताई, दूध उतू गेलं गं!"

भांडे खणखणले. फीत संपली. खट्ट.

ठोक्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले. पुन्हा घ्यायला वेळ उरला नव्हता. त्याने ट्रंकेतच आपले कपडे भरायला घेतले. "राहू द्या काकू," तो मायेने म्हणाला. "ऐकणार कोण आहे नाहीतरी?" हे ऐकून तर आईला जास्तच लागले. तिच्या आवाजाला कात्री लावायची तर शेवटचा सूरही कापला गेला असता. दूध पुसता पुसता ती ओट्याशी रडली, आणि ते फक्त मी ऐकले.

न्हाव्याकडून दुसरा टेपरेकॉर्डर मागून आणून छोटूने वीस कॅसेटी तयार केल्या. दप्तरांतून उरलेल्या पुठ्ठ्याची वेष्टने केली, त्यावर ताईने बँडच्या नावाखाली लिहिले 'घरात कोणी नाही', आणि त्या वाटून टाकल्या. दहा ठोक्या घेऊन गेला. पुढे सगळे शांत. ताई औषधाच्या दुकानात कामाला लागली, छोटू वीजमिस्त्री झाला, आणि मी माळ्यावर गेलो, फाटक्या मच्छरदाणीच्या शेजारी. बारा वर्षे! उंदराने माझी वायर कुरतडली. खालून अधूनमधून आईचे बोलणे कानी येई. कॅसेटचा विषय निघाला की ती म्हणे, "माझ्या तोंडाला कुलूप हवं होतं. पोरांचं गाणं मी नासवलं." ती कॅसेट तिने कधी लावू दिली नाही.

एका सकाळी दार वाजले. परगावची एक परिचारिका पत्ता शोधत आली होती.

"दूधवाल्या आई इथेच राहतात का?"

"आम्ही दूध विकत नाही, बाई," आई म्हणाली.

परिचारिकेने पर्समधून कॅसेट काढली. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. ठोक्याने एक कॅसेट ट्रकचालकाला दिली होती, त्याने वसतिगृहात, तिथून ती दवाखान्यात. गावोगाव लोकांनी वहीच्या कागदावर गाणी उतरवून घेतली होती आणि एकमेकांना ओळखत नसतानाही ते एकमेकांना 'बाटलीवाले' म्हणत. पुढे कोणीतरी ती इंटरनेटवर चढवली, आणि मग तर मोजदादच राहिली नाही.

"एक वर्ष माझं फार वाईट गेलं," परिचारिका म्हणाली. "अंथरुणातून उठवत नसे. गाणी ऐकत पडून राहायचे. 'घरात कोणी नाही' म्हणताना वाटायचं, खरंच कोणी नाही. आणि मग तुमचा आवाज यायचा. इतका खरा, की मी धडपडत उठून गॅस बघायला जायचे. एकदा उठलं की मग चहा व्हायचा, आंघोळ व्हायची, दिवस सुरू व्हायचा."

आईने तोंडाला पदर लावला. पण तिला पटले नाही. "तुमचा स्वभाव चांगला, म्हणून म्हणताय," ती म्हणाली.

पाठोपाठ एका कंपनीचा माणूस आला. गाणी नव्याने काढू म्हणाला, पण शेवटचा तो गोंधळ यंत्राने साफ करून. "काढा, काढा!" आई लगेच म्हणाली. ताईने हात जोडले. "साहेब, त्या गोंधळासकट न्यायची तर न्या. बाटलीतला तडा मी ओळखते. हा तडा नाही."

मग ठोक्या परत आला, तीच ट्रंक घेऊन. बंद कारखान्याची शेड झाडून कार्यक्रम ठरला. मला माळ्यावरून उतरवले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आजोबांनी माझी वायर बदलली आणि पोटात डोकावून म्हणाले, "पट्टा ह्या मापाचा मिळत नाही. जुनाच तेवढ्यापुरता टिकेल." मंचावर स्टुलाचा मान मला मिळाला. शेवटच्या ओळीनंतर मूळ फितीवरचा आईचा आवाज मी ऐकवायचा होता.

संध्याकाळी पाचला शेड गच्च भरली. आठशे माणसे! आई मागे बसू पाहत होती, परिचारिकेने दंड धरून तिला पहिल्या रांगेत बसवले. जी गाणी कपाटापुढे दबक्या आवाजात गायली होती, ती आता आठशे ओठांवर होती. शेवटी ताईने म्हटले, "घरात कोणी नाही..." आणि छोटूने माझे बटण दाबले.

माझा पट्टा तुटला.

मित्रांनो, यंत्रालाही लाज वाटते. माझ्या पोटातून नुसती घरघर निघाली. छोटूने बटण पुन्हा दाबले, पुन्हा तीच घरघर. तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. कमरेवर हात ठेवून आई उभी राहिली.

"अगं बाई! दूध! ताई, दूध उतू गेलं गं!"

शेडचे पत्रे उडतात की काय असे वाटले! माणसे खुर्च्यांवर चढली. हसत होती, डोळे पुसत होती, "आई! आई!" म्हणून ओरडत होती. ठोक्याने ट्रंक अशी बडवली की कडीच उडाली. आई गांगरून बघत राहिली. मग तिच्या खांद्यावरचे बारा वर्षांचे ओझे उतरताना मी डोळ्यांनी पाहिले.

"आई, पुन्हा एकदा!" ताई मंचावरून म्हणाली.

या वेळी आईने पदर खोचला आणि ठणकावून म्हटले. वर स्वतःचे जोडले, "आणि गॅस काय मी एकटीनेच बंद करायचा का?"

आता मी पुन्हा खिडकीत असतो. आजोबांनी सायकलच्या ट्यूबमधून कापून मला पट्टा करून दिला आहे. मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल, त्याला खाली उतरवा. धूळ पुसा, उन्हात ठेवू नका, बटणे हळू दाबा. आणि त्याच्या फितीवर कोणी खोकलेले असेल, चुकलेले असेल, मध्येच हाक मारलेली असेल, तर ते पुसू नका. गाणी पुन्हा गाता येतात.

आता आई रोज दुपारी कॅसेट लावते. शेवटचे गाणे संपत आले आहे. बघा, ती उठलीच, गॅस बघायला.