त्या दिवशी मात्र मी वाजले होते

मी दारावरची बेल बोलतेय. कारखान्यातून आले तेव्हापासून मला एकच बोलता येतं, ‘टिंग-टाँग’, तेही कुणी बोट टेकवलं तरच. हे आधीच सांगते, कारण या घरात माझ्यावर नको ते आरोप झालेत.

इथली ताई शिवणकाम करते. गिऱ्हाईक आलं की मी वाजायची, ती मशीन थांबवून धावायची. एकदा मी वाजले नसतानाच ती धावत आली. बाहेर कुणीच नव्हतं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पुढे तर माझ्या आवाजातून तिला कळायचं म्हणे, की ‘ते’ पकडायला आलेत. ती कडी लावून दाराला पाठ टेकायची. गिऱ्हाईकं बाहेरूनच परत जायची.

“काम टाळायची नाटकं आहेत,” धाकटा भाऊ म्हणाला. आईने वायरमन बोलावला. त्याने मला उघडून पाहिलं. “काकू, बेल ठणठणीत आहे.” शेवटी मला काढून खणात टाकलं. तरी मी ताईला ऐकू येतच होते! तेव्हा कुठे आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

आजार निघाला स्किझोफ्रेनिया. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तिला खरंच ऐकू येतं. वाद घालू नका, उगीच होकारही देऊ नका. ‘मला नाही ऐकू आली, पण तू घाबरलीस ना?’ एवढं विचारा. आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.”

काही आठवड्यांत तो आवाज विरत गेला. मी पुन्हा भिंतीवर आले. ताई विचारायची, “वाजली का गं?” आई खरं सांगायची. त्या उत्तरावर ताई दार उघडायची.

आणि भावाने काय करावं? आई बाहेर गेलेली असताना उघड्या दारातून हात बाहेर काढून मला दाबलं. ताईने विचारलं तर म्हणाला, “छे, कुठे वाजली?” ती बरी झाली का ते बघत होता म्हणे! ताई पांढरीफटक पडली. त्या दिवसापासून गोळी घेईना. “आवाज परत आलाच ना? मग गोळीचा उपयोग काय?”

दोन दिवस मी नुसती तडफडले. वाजले होते गं मी! पण बोट कुणाचं टेकणार?

तिसऱ्या दिवशी गोळ्यांचं पाकीट तसंच पडलेलं पाहून भाऊ तिच्यासमोर उभा राहिला. “ताई, वाजली होती. मीच दाबली होती.”

“गाढवा!” ती रडत म्हणाली. मग तिने डोळे पुसले. “पुढे विचारेन तेव्हा खरं सांगशील?”

“सांगेन.”

“मग पाणी आण.”

तिने गोळी घेतली. आजही कधी कधी आतून प्रश्न येतो, “वाजली का रे?” तुमच्याही घरात कुणी असं विचारत असेल, तर हसू नका, फसवू नका. मी इथे जीव मुठीत धरून तुमचं उत्तर ऐकत असते.