ह्यांच्या वतीने

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या त्या बाईंना सगळे वकीलबाई म्हणत. कायद्याशी त्यांचा संबंध इतकाच, की कुणाचंही भांडण त्या आपलं करून भांडत. कोटाचं बटण हरवलं की ज्याचा कोट तो गप्प, मालक गप्प, आणि वकीलबाई इस्त्रीवाल्याशी हुज्जत घालताहेत, हे दृश्य ठरलेलं. दुसऱ्याची बाजू मांडताना त्यांच्या जिभेला धार येई. स्वतःची बाजू मांडायची वेळ फारशी आली नाही, आणि आली तेव्हा त्या "जाऊ दे" म्हणून मोकळ्या झाल्या.

तेव्हा मनाच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या मॅडमकडे नवऱ्याचं दुखणं घेऊन त्या स्वतःच जाऊन बसल्या, याचं त्यांना ओळखणाऱ्या कुणाला नवल वाटलं नसतं. अर्थात त्यांनी ते कुणाला सांगितलं असतं तर.

नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. निवृत्त झाले तरी इमारतीत त्यांना क्रेनवाले हेच नाव राहिलं. उभी हयात त्यांनी उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये काढली होती. घरी येत ते जेवायला आणि झोपायला, आणि बोलणं आधीच कमी. निवृत्तीनंतरचे काही महिने बरे गेले. मग एका सकाळी त्यांनी दाढी केली, कपडे केले, बूट घातले, लेस नीट बांधल्या, आणि पलंगाच्या कडेला बसले ते संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दाढी गळाली, बूट मात्र राहिले. घर तळमजल्यावरचं. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे आणि तिच्यावरून उतरणारा एक पाइप. क्रेनवाले त्या पाइपकडे बघत बसत.

काय होतंय म्हणून विचारलं की उत्तर एकच, "काही नाही." वाढलं तर जेवत आणि अर्धं टाकत. झोपा म्हटलं तर आडवे होत. वकीलबाईंनी रडून पाहिलं, ओरडून पाहिलं, एकदा तर बूट लपवून पाहिले. त्या दिवशी ते नुसत्या मोज्यांवर बसले, आणि ते बघवेना म्हणून वकीलबाईंनीच दुपारी बूट आणून पायापाशी ठेवले.

डॉक्टरांनी हृदय तपासलं, साखर तपासली, रक्त तपासलं. रिपोर्ट इतके चांगले आले की वकीलबाईंना त्यांचा रागच आला. शेवटी दूरच्या गावी असलेल्या लेकीने फोनवर फर्मान काढलं.

"आई, बाबांना काउन्सेलिंगची गरज आहे. मी आपल्या आडनावाने वेळ घेतलीय. तू फक्त त्यांना घेऊन जा."

"मी येणार नाही," क्रेनवाले म्हणाले. कित्येक आठवड्यांतलं ते त्यांचं सर्वांत लांब वाक्य होतं.

आता घेतलेली वेळ वाया कशी घालवायची? वकीलबाईंनी मनाशी हिशेब मांडला. दुकानात डाग पडलेला कोट अंगात घालून कुणी येत नाही. नवऱ्याचा बायको आणते, बापाचा मुलगा आणतो, डाग कशाचा ते काउंटरवर सांगतात, आणि धुतलेला कपडा घेऊन जातात. खोकल्याचं औषधसुद्धा घरच्या माणसाने वर्णन करून आणलेलं चालतंच की! नवरा हातातून निसटत चालला होता आणि त्यांना तो परत हवा होता, एवढीच साधी गोष्ट होती. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

खोली लहान होती. समोरासमोर नाही, जराशा तिरक्या ठेवलेल्या दोन खुर्च्या, मधे स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि कागदी रुमालांचा डबा. मॅडम लेकीच्याच वयाच्या. त्यांनी आधी सगळं समजावून सांगितलं. आठवड्यातून एकदा यायचं. इथलं बोलणं इथेच राहील, फक्त कुणाच्या जिवाला धोका वाटला तर गोष्ट वेगळी. मी औषधं देत नाही, आणि असं करा, तसं करा असं सांगणारही नाही. आपण बोलू, हळूहळू काही उलगडत जाईल. सुरुवातीला कधीकधी आधीपेक्षा जास्त त्रास होतो, तेव्हा घाबरून सोडून देऊ नका.

"आणि बरं कधी वाटेल?" वकीलबाईंनी विचारलं.

"ते आज सांगता येणार नाही."

'म्हणजे पावतीवर तारीखच घालायची नाही,' वकीलबाईंच्या मनात आलं. दुकानात असं म्हटलं असतं तर गिऱ्हाइकाने काउंटर डोक्यावर घेतला असता.

"काय होतंय तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

खरं सांगायचा क्षण तोच होता. पण खरं सांगितलं तर "मग त्यांनाच घेऊन या" असं म्हणून वाटेला लावतील, ही धास्ती. वकीलबाईंनी नवऱ्याचं सगळं आपल्या नावावर केलं. भूक लागत नाही. पडून राहते पण झोप नाही. सकाळी बूट घालते आणि पलंगावर बसून राहते.

मॅडमनी त्यांच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं, पण तसं काही म्हणाल्या नाहीत. "बूट घालता तेव्हा कुठे जायचं असतं मनात?"

इतके महिने वकीलबाईंनी बूट का घालता, बूट काढा, बुटांनी चादर खराब होते, असं सगळं म्हणून झालं होतं. हे काही त्यांना सुचलं नव्हतं.

"पुढच्या वेळी सांगते," त्या म्हणाल्या.

घरी जाऊन चहा ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, बूट घालता तेव्हा कुठे जायचं असतं मनात?"

क्रेनवाल्यांनी पाइपवरची नजर काढून बुटांकडे नेली. चहा उकळून वर आला. मग म्हणाले, "कुठे नाही. कुणी बोलावलं तर तयार असावं."

वकीलबाईंनी गॅस बंद केला. त्यांनी ते वाक्य तोंडात धरून ठेवल्यासारखं आठवडाभर जपलं आणि मॅडमच्या खुर्चीत बसल्या बसल्या जसंच्या तसं सांगून टाकलं. मॅडमनी विचारलं, "कुणी बोलवावं असं वाटतं?"

असं सुरू झालं. मॅडमचा प्रश्न घरी न्यायचा, घरचं उत्तर मॅडमकडे आणायचं. कुणी बोलवावं, याला क्रेनवाल्यांनी दोन दिवस घेतले आणि मग जेवताना आपणहून बोलले. "वर मी एकटाच असायचो. तिथे कोण येणार? पण खालून कुणीतरी हात करायचा. डावीकडे घे, सोड, थांब. तो हात बघूनच दिवस जायचा." घास तसाच हातात होता. "आता खालीच आहे. कोण हात करणार?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने एका दमात इतकं कधी सांगितलं नव्हतं. वकीलबाई उठून मोरीत गेल्या, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. त्यांना आनंद झाला होता. संध्याकाळी त्या आता दुकानातून जवळजवळ पळतच घरी येत. एके दिवशी क्रेनवाल्यांनी दाढी केली. एके दिवशी ताटात काही टाकलं नाही. "आज काही विचारणार नाहीस?" असंही एकदा म्हणाले, आणि वकीलबाईंना अगदी नवी नवरी झाल्यासारखं लाजायला झालं. लेकीला त्यांनी फोनवर सांगितलं, "जातायत हो, नेमाने जातायत. गाडी रुळावर येतेय."

मॅडमकडे कधी कधी आणलेलं उत्तर पुरत नसे. वेळ उरला की वकीलबाई पदरचं घालत. एकदा म्हणाल्या, "दार उघडताना मी मुद्दाम किल्ल्या वाजवते. आतून कुणी 'आलीस का' म्हणेल म्हणून. म्हणत नाही कुणी." हे कुठून सुचलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. वेळ निभावली, एवढं खरं.

मग एका बुधवारी मॅडम खुर्चीत जरा पुढे सरकल्या. "एक विचारते. सरळच विचारते. जगणं संपवावं असे विचार मनात येतात का?"

आजवर वकीलबाईंनी प्रत्येक प्रश्नावर "पुढच्या वेळी सांगते" म्हणून वेळ मारून नेली होती. या प्रश्नाला पुढची वेळ कशी मागायची? हो म्हणावं तर काय होईल? नाही म्हणावं, आणि तिकडे घरात तो माणूस खरंच तोच विचार करत बसलेला असेल तर?

"मॅडम, हे मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "हे त्यांना विचारायला हवं."

"कुणाला?"

मग सगळं बाहेर आलं. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर वकीलबाईंना बरं वाटलं असतं, भांडणात त्यांचा हात कुणी धरला नसता. मॅडम शांतपणे म्हणाल्या, की जो माणूस इथे आलाच नाही त्याच्यावर मला उपचार करता येणार नाहीत. त्यांना इथे आणता आलं तर आणा, नाहीतर घरी येणारे एक डॉक्टर आहेत, त्यांना मी कळवते. पण हा प्रश्न आजच विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, मला लगेच फोन करा.

"आणि त्या किल्ल्या?" निघताना मॅडमनी विचारलं. "किल्ल्या वाजवणं, तेही त्यांचंच?"

"छे. ते मी आपलं पदरचं घातलं. वेळ उरला होता म्हणून."

घरी आल्या तेव्हा क्रेनवाले वाट बघत होते. खरोखर वाट बघत होते, तोंड दाराकडे करून. वकीलबाई पर्ससकट त्यांच्या शेजारी पलंगावर बसल्या आणि मॅडमनी विचारलं होतं त्याच शब्दांत विचारून टाकलं.

क्रेनवाले त्यांच्याकडे बघत राहिले. "हा प्रश्न तुझा नाही," ते म्हणाले.

जगाची वकिली करणाऱ्या या बाईला एक खोटं वाक्य जुळवता येईना.

"कुणाचा आहे?"

त्यांनी सांगितलं. लेकीने घेतलेली वेळ, मॅडम, खुर्ची, सगळं. आपल्या नावावर केलेली त्यांची झोप आणि भूक. "तुमच्यासाठीच केलं हो. मला दुसरं काही सुचलं नाही."

"आधीचे प्रश्नही तिचेच?"

"हो."

"बुटांचा?"

"हो."

"हात करणाऱ्याचं मी सांगितलं, ते तिला जाऊन सांगितलंस?"

वकीलबाईंनी मान डोलावली. क्रेनवाले चिडले नाहीत. ते पुन्हा पाइपकडे वळले. "मला वाटलं, तू विचारतेयस," ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने त्यांनी मूळ प्रश्नाचंही उत्तर दिलं. "नाही. तसलं काही मनात नाही, कळव तिला. तेवढीसुद्धा उमेद नाही." मग ते वाकले, दोन्ही लेस सोडल्या, बूट काढले आणि पायाने पलंगाखाली सारले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते घातले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. घरी येणारे डॉक्टर येऊन गेले, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, पुन्हा येतो म्हणाले. क्रेनवाल्यांनी त्यांना "काही नाही" एवढंच सांगितलं. वकीलबाईंनी आपल्या मनाने काहीतरी विचारायचं ठरवलं. संध्याकाळभर शेजारी बसून डोकं शिणवलं, पण जे सुचे ते मॅडमसारखं तरी वाटे, नाहीतर "गोळी घेतलीत का" एवढंच निघे. गोळी घेतली होती.

बुधवारी त्या मॅडमकडे गेल्या, त्या हे सांगायला. सांगून झाल्यावर पर्स उचलली. "मग आता मी यायची गरज नाही."

"बसा ना," मॅडम म्हणाल्या. "अजून वेळ आहे. डॉक्टरांकडे त्यांचं चालू राहू दे. ही वेळ तुमची आहे. मागचं सगळं बाजूला ठेवू, पहिल्यापासून सुरू करू."

"माझं काय? मला काही झालेलं नाही."

"असेल. तरी विचारते. तुम्ही कशा आहात?"

वकीलबाई टेकल्या. पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं. हा प्रश्न अवघड नव्हता, दुकानात येणारा प्रत्येक माणूस तो विचारतो आणि उत्तरासाठी थांबत नाही. मॅडम मात्र थांबल्या होत्या. वकीलबाईंनी आत शोधून पाहिलं. तिथे क्रेनवाल्यांची भूक होती, क्रेनवाल्यांची झोप होती, बूट होते, उंचावरची ती केबिन होती. त्यांचं स्वतःचं असं काही हाताला लागेना. काहीतरी म्हणायला हवं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि सवयीने जे यायचं तेच आलं.

"घरी विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

मॅडम हसल्या नाहीत. वकीलबाईंनाही आपण काय बोललो ते मागाहून कळलं. मग त्या पर्स मांडीवर घट्ट धरून उरलेला वेळ तशाच बसून राहिल्या, कुणीतरी बोलावण्याची वाट बघत असल्यासारख्या.