साक्षीदाराशेजारची खुर्ची

मी कोर्टातली खुर्ची बोलतेय. न्यायाधीशांची उंच, गादीवाली नव्हे हं, साक्षीदाराशेजारची, दुभाष्याची. सुताराने मला बुटकी केली, याचा राग मी बरीच वर्षं बाळगला.

माझ्यावर बसायचे ते दुभाषी मोठे मिशीवाले, आवाज भरदार. त्यांच्या कामाची रीत अशी की साक्षीदार ‘मी’ म्हणाला, की त्यांनीही ‘मी’च म्हणायचं. एकदा ते गंभीरपणे म्हणाले, “मला तेव्हा सातवा महिना होता,” आणि शिपायासकट सगळे हसले.

मग कायदा आला: देशाची राजभाषा इंग्रजी. आता दुभाषी कशाला, असा अर्थ कोर्टाने परस्पर काढला. मिशीवाले घरी गेले, मी दाराबाहेर. माझ्यावर शिपायाचा डबा आणि वकिलांच्या ओल्या छत्र्या. कायदा करणाऱ्यांच्या खुर्च्या मात्र जागच्या जागी होत्या.

तिथूनच मी तिला पाहिलं. कपडे शिवून घर चालवणारी विधवा. दिराने तिच्या मुलाचा ताबा मागितला होता. तिला इंग्रजीतलं फक्त ‘येस’ येत होतं. मोठ्या माणसाला नाही म्हणू नये, म्हणून प्रत्येक प्रश्नाला ती मान लववून ‘येस’ म्हणत गेली. मुलगा दिराकडे राहिला तर चालेल का, यालाही.

बाहेर छत्री घ्यायला आलेल्या एका वकीलबाईंनी तिला निकाल समजावला, तेव्हा ती मटकन माझ्यावरच बसली. तिचं रडणं माझ्या लाकडात उतरलं.

“उठा ताई,” वकीलबाई म्हणाल्या. “आपण वरच्या कोर्टात जाऊ.”

वरचं कोर्ट म्हणजे वरचा मजला. तिथलं मला नंतर शिपायाच्या गप्पांतून कळलं. दिराचा वकील म्हणाला, “कायदा स्पष्ट आहे. भाषा इंग्रजी.”

“सरकारी कामाची,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “समोरच्याला न समजताच निकाल द्यावा, असं कुठल्या कलमात आहे?”

वकिलाने पानं चाळली. “तसं कलम नाही.”

“मग दुभाषी बोलवा. त्यांची खुर्चीही आणा.”

शिपायाने डबा उचलला आणि मला डोक्यावर घेऊन जिना चढला. अशी मिरवणूक मी जन्मात पाहिली नव्हती.

पुन्हा तोच प्रश्न आला. मिशीवाले वाकले, तिच्या कानाशी बोलले. ती पुटपुटली. मग त्यांचा भरदार आवाज इंग्रजीत घुमला, “नाही. मी त्याची आई आहे. मी त्याला देणार नाही.”

या वेळी कोणी हसलं नाही.

मुलगा आईकडे राहिला. ज्याला भाषा कळत नाही त्याला दुभाषी मिळालाच पाहिजे, असंही निकालात आलं. आता खालच्या प्रत्येक खोलीत माझी एकेक बहीण आहे, बुटकीच, बसलेल्या माणसाच्या कानाला जवळ पडेल अशी.

माझा एक पाय डुगडुगतो. तरी कोणी छत्री ठेवायला आलं, तर एवढं सांगा, इथे माणूस बसतो.