गुरुशांतचं जॅकेट

गुरुशांतला मी चांगलीच ओळखून आहे. अक्कल शून्य आणि ऐट केवढी! सोलापूरच्या उन्हात, ऐन मे महिन्यात, हा बाबा काळं लेदर जॅकेट घालून बुलेटवरून फिरतो. घामानं निथळतो, पण चेन खाली घेत नाही. सात रस्ता चौकात त्यानं जिम काढली आणि दारातल्या काचेच्या कपाटात ठेवायला स्वतःचा टीचभर पुतळा करवून आणला. रंगवायला माझ्याकडे दिला.

मी हो म्हटलं ते एकाच लोभापायी. पुतळ्याखाली माझं नाव लागणार होतं. आजवर माझं काम घराबाहेर गेलंच नव्हतं, आणि नातेवाईक विचारायचे, "भुवनेश्वरी अजून बाहुल्याच रंगवते का?"

जीव ओतून रंगवलं. चामडं कधी निव्वळ काळं नसतं, हे या गावात कुणाला ठाऊक? काळ्यात तपकिरी मिसळून पातळ थर दिले, सुरकुत्या गडद केल्या, कडा झिजवल्या, फाजील चमक काढून टाकली. मला ब्रश धरायला शिकवणाऱ्या शरच्चंद्र सरांना फोटो पाठवला. ते नुसतं "बरं आहे" म्हणाले. म्हटलं, वय झालं, डोळे गेले.

गुरुशांत आला आणि नाक मुरडलं.

"मॅडम, हे तर सेकंडहँड दिसतंय की! चमक पायजे, चमक! माझं बघा, अस्सल लेदर हाय." अंगातलं जॅकेट काढून त्यानं टेबलावर टाकलं. "हे समोर ठेवून करा. जमत नसंल तर सांगा, दुसऱ्याचं नाव लावतो."

तो गेल्यावर मी जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं. अस्सल म्हणे! कोपरावर पापुद्रा सुटून खालचं पांढरं कापड दिसत होतं. रेक्झिन, दुसरं काय! मला इतकं हसू आलं! ठरवलं, याला याचंच जॅकेट द्यायचं, जसंच्या तसं. आधीचा रंग काढला आणि ती ओशट चमक, ताठ घड्या, कोपरावरचा पापुद्रा, त्याखालची कापडाची वीणसुद्धा रंगवली. लोक पोट धरून हसतील, आणि हसवणारीचं नाव खाली वाचतील.

उद्घाटनाला कुणीही हसलं नाही. "काय चमकतंय!" म्हणत जो तो फोटो काढत होता आणि गुरुशांत मधोमध छाती फुगवून उभा. आंधळ्यांचा बाजार नुसता!

तेवढ्यात शरच्चंद्र सर आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी काचेला नाक लावलं, बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कोपर पाहिलं गं. रेक्झिन आहे ना?"

चला, एक तरी डोळस निघाला! मी म्हटलं, "सर, मी केलेलं ते चामडं कुठं आणि हे कुठं!"

"तेच म्हणतोय. ते चामडं नव्हतंच. व्हिडिओ बघून केलेलं काहीतरी होतं. हे मात्र खरं आहे." ते माझ्याकडे बघत राहिले. "भुवना, चामड्याचं जॅकेट तू कधी हातात तरी घेतलंयस का?"

आमच्या घरात चामड्याचा पट्टासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आईचा दंडकच आहे. कान तापले, सरांचा राग आला, आणि राग येऊनही ते खोटं बोलतायत असं म्हणता येईना.

"मॅडम, या की फोटोला!" गुरुशांत ओरडला.

गेले. त्याच्या शेजारी उभी राहिले. तो तोंडभर हसत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.